खुर्द्याचा हिशेब

(मंडळाच्या नालछा येथील पावसाळी सहलीत इतिहास गटातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मांडूला जाताना आपण नालछ्यात थांबतो ते फार तर चहापुरते. आज आम्ही आपल्याला इथे मुद्दाम थांबवले आहे. आपण धारचे असू, देवासच्या थोरल्या पातीचे असू की धाकट्या पातीचे, महूचे असू की इंदूरचे. आपल्या घराण्यांची माळव्यातली गोष्ट सुरू होते ती याच बाजूने. १७२८ च्या नोव्हेंबरात गिरधर बहादूर आणि दया बहादूर हे बादशाही सरदार अमझेऱ्याच्या घाटाशी मोर्चे बांधून बसले होते. मराठे तिथूनच चढणार असा त्यांचा अंदाज. चिमाजी आप्पा नर्मदा उतरले आणि मांडूच्या घाटाने वर आले. २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याला लढाई झाली, दोन्ही सरदार पडले आणि माळव्याचे दार उघडले. आप्पांबरोबर मल्हारराव होळकर होते, उदाजी पवार होते. ही नावे आपल्या मुलांनाही ठाऊक असतात. त्या दिवशी इथे घोड्यावरून पडलेल्या एकाही बारगिराचे नाव मात्र आपल्यापैकी कुणाला सांगता येणार नाही. आजचे बोलणे त्याच्याविषयी आहे.

पानिपतची बातमी दक्षिणेकडे कशी आली हे आपण शाळेत शिकलो आहोत. सावकारी पत्र होते, मजकूर सांकेतिक होता. दोन मोती गेले, अमुक इतक्या मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, अशा अर्थाचा. पेशवे नानासाहेब तेव्हा आपल्याच माळव्यात, भेलशाजवळ होते. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. धारचे यशवंतराव पवार त्यांतले एक. मोत्यांवर नाटके आली, कादंबऱ्या आल्या. मोहरांची यादी लागली. खुर्द्याचा हिशेब मात्र त्या पत्रात जिथे थांबला तिथेच थांबला. आणि मंडळी, आपण खरे बोलायचे तर आपल्यापैकी नव्वद टक्के घरे त्या खुर्द्यातली आहेत. वंशावळ काढायला बसलो की प्रत्येकाला कुणीतरी सरदार सापडतो हा भाग वेगळा!

सरदारांची आठवण दगडात आहे. धारला मुंज सागराच्या काठी पवारांच्या छत्र्या आहेत, देवासला मीठा तलावाजवळ आहेत, इंदूरला होळकरांच्या छत्रीबागेत आहेत. नर्मदेकाठी रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे; २८ एप्रिल १७४० ला ते तिथे गेले, आणि दरवर्षी त्या तारखेला दुपारच्या उन्हात माणसे तिथे जमतात. राजस्थानात कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ मध्ये गोळा लागून पडलेल्या खंडेरावांची, अहिल्याबाईंच्या यजमानांची, छत्री तिकडेच आहे. हे सगळे जपले पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण छत्री बांधायला संस्थान लागते. ज्याला संस्थान नव्हते त्याची आठवण कुणी ठेवली?

घराने ठेवली. आणि ती कशी ठेवली हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण ती रीत आता आपल्याच हातून सुटत चालली आहे.

आपल्यापैकी काही देवघरांत कुलस्वामिनी आणि खंडोबाच्या टाकांबरोबर एक घोडेस्वाराचा टाक असतो. हा वीर. घरातला कुणी लढाईत पडला, बहुधा कमी वयात, बहुधा लग्नाआधी, तर त्याचा टाक करून देवात बसवायचा. नाशिकला धूलिवंदनाच्या दिवशी हे वीर मिरवत गोदावरीवर नेतात. घरातला मुलगा नटून टाक हातात घेतो, वाजतगाजत रामकुंडावर जातो, वीराला आंघोळ घालून परत आणतो. दाजीबा वीराची मिरवणूक तर सगळे नाशिक पाहायला लोटते. ज्या दिवशी बाकीचे लोक रंग खेळतात त्या दिवशी ही घरे आपल्या मेलेल्या पोराला नदीवर नेतात, आणि त्यात रडारड नसते, वाजंत्री असते. सरकारी मानवंदनेत जे सहसा साधत नाही ते इथे साधलेले आहे. गेलेला माणूस घरातलाच राहतो.

दुसरी रीत पंचांगात आहे. आपण अनंत चतुर्दशीला गणपती पोचवतो. त्यानंतर पंधरा दिवसांनी, पितृपक्षात, पुन्हा चतुर्दशी येते. पंचांग उघडून पाहा, त्या तिथीपुढे शस्त्रादिहतांचे श्राद्ध असे छापलेले असते. काही ठिकाणी तिला घात चतुर्दशी म्हणतात. याज्ञवल्क्य स्मृतीपासूनचा नियम आहे की शस्त्राने मेलेल्यांना या तिथीला द्यावे. घरी अंथरुणात गेलेल्या माणसाचे महालय या दिवशी करत नाहीत; तो चतुर्दशीलाच गेला असला तरी त्याला दुसरी तिथी पाहतात. म्हणजे वर्षाच्या तीनशे साठ तिथींतली एक तिथी आपल्या पूर्वजांनी लढाईत पडलेल्यांसाठी राखून ठेवली होती. जगातली राष्ट्रे ११ नोव्हेंबर पाळू लागली ती पहिल्या महायुद्धानंतर. आपल्याकडे हा दिवस केव्हापासून आहे! फक्त तो आता भटजी आठवण करून देतील तेव्हा, आणि भटजींना वेळ असेल तर, पाळला जातो.

ज्याच्या मरणाची तिथीच कळली नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावस्या आहे, हे सर्वांना माहीत आहे. पण पानिपतानंतर किती घरांत ही अमावस्या नव्याने सुरू झाली असेल याचा विचार करा. लढाई झाली ती पौष शुद्ध अष्टमीला, हे नक्की. मात्र आपला माणूस त्या दिवशी पडला, की पळताना वाटेत मारला गेला, की धरून नेला, की थंडीत आणि उपासमारीत आठ दिवसांनी गेला? पार्वतीबाईंनी भाऊसाहेब गेले हे शेवटपर्यंत मानले नाही, कुंकू पुसले नाही. पुढे तोतया उभा राहिला आणि शहाण्यासुरत्या माणसांनीही त्याच्यावर विश्वास ठेवला. लोक मूर्ख होते म्हणून हे झाले असे आम्हाला वाटत नाही. बातमी नक्की नसली की माणूस उंबऱ्यावरून हलत नाही. पेशव्यांच्या वाड्यात ही अवस्था, तर बारगिराच्या घरी काय असेल?

आणखी एक. माघ शुद्ध अष्टमीला भीष्मतर्पण करतात. भीष्मांना मूलबाळ नव्हते, म्हणून त्यांना पाणी कुणीही द्यावे. ज्याचे वडील हयात आहेत त्यानेही. तर्पणात आप्तांनंतर सखा येतो, गुरू येतो, शिष्य येतो. तेव्हा रक्ताचे नाते नसलेल्या सैनिकासाठी आपण काय करावे, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर परंपरेतच आहे. आमच्या माहितीतले एक निवृत्त हवालदार आहेत. १९७१ च्या लढाईत त्यांच्या कंपनीतले जे गेले त्यांची नावे, गावांसकट, त्यांच्याकडे एका जुन्या वहीत आहेत. कुणी तमिळ, कुणी डोंगरी, कुणी कोल्हापूरकडचा. चतुर्दशीला ते स्वतःच्या आजोबांचे नाव घेतात आणि मग ती वही उघडतात. भटजींनी पहिल्या वर्षी गोत्र विचारले. ते म्हणाले, "पलटण सांगतो, चालेल का?" चालले.

आता पुन्हा नालछ्याकडे येऊ. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. क्षिप्रेच्या पात्रातून चाल करून येणाऱ्या इंग्रजी तुकड्यांचे नेतृत्व जॉन माल्कम करत होता. पुढे सुमारे दोन आठवड्यांनी मंदसोरचा तह झाला. हाच माल्कम नंतरच्या काळात इथे, नालछ्याला, एका पडक्या महालाची डागडुजी करून उन्हाळ्यात राहत असे. महालात आधी वाघीण मुक्कामाला होती, तिला हुसकावून मग साहेब राहायला गेले, अशी हकीकत आहे. त्याने मध्य भारतावर दोन खंडांचे पुस्तक लिहिले, १८२३ मध्ये ते छापले, आणि आजही आपल्या भागाचा इतिहास लिहायचा तर त्याच्याशिवाय भागत नाही. जिंकणाऱ्याला लिहायला निवांतपणा मिळतो, दुसरे काय! महिदपूरच्या मेल्या-जखमी इंग्रजी फौजेचे आकडे पलटणवार नोंदले गेले. होळकरांकडचे म्हणजे "सुमारे तीन हजार". हा पुन्हा खुर्दाच.

महिदपूरनंतर अकरा दिवसांनी, १ जानेवारी १८१८ ला, भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. तिथे उभारलेल्या स्तंभावर कंपनीकडून पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, त्यांत 'नाक' शेवटी असलेली बावीस नावे महारांची आहेत. स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला, हे खरे. पण शिपायाचे नाव दगडावर कोरले गेले आणि त्या नावाने पुढे काय केले ते पाहा. १९२७ च्या १ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. आपल्या महूला जन्मलेला हा सुभेदाराचा मुलगा. आमच्या बापजाद्यांनी तलवार धरली होती, याचा पुरावा त्यांना त्या नावांत मिळाला. एका समाजाला मान वर करायला बावीस नावे पुरली. आपल्यापैकी काहींना ही लढाई आपल्या बाजूने आठवायला जड जाते, आम्हालाही ते कळते. म्हणून नाव कोरण्याचे मोल कमी होत नाही.

आपल्याकडे नाव कोरायची पद्धत मोठ्यांपुरती होती. गावोगावी वीरगळ आहेत. खाली लढाई, नाहीतर गाईंची सोडवणूक, मध्ये अप्सरा वीराला वर नेत आहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. सामान्य माणसाचे स्मारक म्हणून वीरगळासारखे दुसरे काही नाही. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. गावाला माहीत होते तोवर नावाची गरज नव्हती, आणि गाव विसरले तेव्हा शेंदूर फासून त्याचा देव केला किंवा कपडे धुवायला घेतला. इथल्या भिल्ल वस्त्यांजवळही घोडेस्वार कोरलेले दगड उभे दिसतील. ते आज जाताना पाहा. त्यांची पूजा अजून चालू आहे, या बाबतीत ते आपल्यापेक्षा बरे.

नाव न कोरण्याचा सर्वांत जिव्हारी लागणारा प्रकार मात्र आपला नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा इथे त्या वेढल्या गेल्या, घोड्याचे मांस खाण्याची पाळी आली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि त्यानंतर कैदेच्या वाटचालीत आणखी कितीतरी मेले. पुढे बसऱ्याला मोठे स्मारक झाले, ज्यांना थडगे नाही अशा चाळीस हजारांसाठी. त्यावर गोऱ्या सोल्जरांची नावे कोरली. हिंदी शिपायांची नावे कोरली नाहीत. पलटणीच्या नावाखाली आकडा घातला. इतके मेले, बस. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच चौकशी करून हा भेदभाव झाल्याचे कबूल केले आणि माफी मागितली. तोवर त्या शिपायांची नातवंडेही म्हातारी होऊन गेली होती.

त्याच युद्धात सातारा जिल्ह्यातल्या एका अपशिंगे गावचे ४६ जण पडले. गावात त्यांचे स्मारक आहे, आणि गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी झाले. तिथे आजही घरटी एक तरी माणूस सैन्यात जातो. माणगावला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात ते एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. वय अवघे बावीस. २०२३ मध्ये त्याच खोऱ्यातल्या मोंतोने गावच्या लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक केले. ज्या इटालियन गावाला मराठी म्हणजे काय हे माहीत नाही त्यांनी कोकणातल्या पोराचे नाव भिंतीशी ठेवले, आणि आम्हाला आमच्या आळीतून कोण गेले ते सांगता येत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात, २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुले झाले तेव्हा, २५,९४२ नावे होती, प्रत्येक नाव वेगळ्या ग्रॅनाइटच्या विटेवर. तिथे जाल तेव्हा सेल्फी काढून परतू नका. आपल्या गावचे, आपल्या आडनावाचे नाव शोधा. पण ती यादी स्वातंत्र्यानंतरची आहे. त्याआधीच्यांचे काम आपल्यालाच करायचे आहे.

आता हयात असलेल्यांबद्दल थोडे. गणेशोत्सवात माजी सैनिकांना व्यासपीठावर बोलवून शाल-श्रीफळ देणे चांगलेच आहे, ते चालू ठेवू. पण त्या नारळाने कुणाचे अडलेले काम होत नाही. सर्वांत जास्त अडते ते काय, सांगू? नाव. आपल्यात लग्नात मुलीचे नाव बदलतात. सासरी ती सुमती, माहेरी कुसुम. आधार कार्डावर एक, नवऱ्याच्या सैन्यातल्या नोंदीत दुसरे, बँकेत तिसरे, आणि हिंदी कारकुनाने लिहिलेले चौथे. नवरा असेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या माउलीला सिद्ध करावे लागते की ही चारही मीच. सत्तरी उलटलेल्या बाईने प्रतिज्ञापत्रे, वर्तमानपत्रातली जाहिरात, रेकॉर्ड ऑफिसला पत्रे, हे सगळे कसे करावे? नवरा हयात असतानाच सैन्याच्या नोंदीत दुरुस्ती करून घेतली तर हे टळते. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश कुठे ठेवला आहे ते घरात दोघांना तरी माहीत हवे. आता निवृत्तिवेतन 'स्पर्श'वर आले, वर्षाचा हयातीचा दाखला मोबाइलवरून देता येतो. ज्यांना जमत नाही त्यांच्या घरी आपली मुले जातील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जायलाही माणसे ठरवली आहेत. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी आपण देतोच, १९४९ पासून ही प्रथा आहे. त्या जोडीला दोन तास दिले तर जास्त उपयोग होईल.

या सगळ्यातून आम्ही एक वही करायचे ठरवले आहे. तिच्यात रकाने थोडे: नाव, वडिलांचे किंवा यजमानांचे नाव, मूळ गाव, पलटण किंवा पागा, सेवा क्रमांक असल्यास, कुठे आणि केव्हा, आणि ही माहिती कुणी सांगितली. शेवटचा रकाना महत्त्वाचा. "आजी सांगायची" हेही लिहायचे, पण तसेच लिहायचे. त्याला कागदाचा दर्जा द्यायचा नाही. जातीचा रकाना नाही. पानिपतावर इब्राहिमखान गारदी आपल्या बाजूने शेवटपर्यंत लढला, हे लक्षात ठेवून धर्माचाही नाही.

बैठकीत एक हरकत आली, ती इथे सांगितली पाहिजे. पेशव्यांसाठी पडलेला, होळकरांसाठी पडलेला, इंग्रजांच्या पलटणीत मेसोपोटेमियात गेलेला आणि कारगिलला पडलेला, हे एकाच वहीत कसे? शिवाय ज्यांच्याविरुद्ध लढलो त्यांच्याच चाकरीत गेलेल्यांना मान द्यायचा का? यावर दोन बैठका गेल्या, चहाही बराच गेला. शेवटी एका आजींनी विचारले, "आपल्या घरचा होता ना?" होता. मग वेगळ्या वह्या करायचे मागे पडले. ज्यांना अजून पटलेले नाही त्यांनी जरूर बोलावे; पण नाव देताना थांबू नये, कारण सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. गेल्या दोन वर्षांत अशी तीन घरे आम्ही गाठायच्या आत बंद झाली.

घात चतुर्दशीला संध्याकाळी सात वाजता मंडळाच्या सभागृहात वही वाचली जाईल. क्रम नावाच्या अक्षराप्रमाणे, हुद्द्याप्रमाणे नाही. ज्यांच्याकडे श्राद्धाची रीत आहे त्यांनी ते सकाळी आपापल्या घरी करावे. संध्याकाळी फक्त एक समई आणि नावे. भाषण नाही, हे ऐकून तरुण मित्रांना बरे वाटेल. ज्यांच्या घरी वीराचा टाक आहे त्यांनी आणायला हरकत नाही, वेगळा पाट मांडलेला असेल. आपल्या घरचे नाव घरच्या लहानात लहान, वाचता येणाऱ्या मुलाने वाचावे, म्हणजे ते पुढे सत्तर वर्षे तरी कुणाच्या तोंडात राहील. ज्यांचे कुणी उरलेले नाही त्यांची नावे हवालदार वाचणार आहेत.

वही आज जेवणाच्या मंडपात, पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावर ठेवली आहे. पेन बांधून ठेवले आहे, ते कृपया तिथेच राहू द्यावे. जुने फोटो, बिल्ले, पत्रे यांची मूळ प्रत देऊ नये. आम्ही घरी येऊन छायाचित्र काढून नेऊ. पंगत साडेबाराला बसेल, आणि त्यानंतर मांडूच्या गाड्या सुटतील.